पिवळी तळाशी बसते

४ जानेवारी, सोमवार

परत बसली तळाशी! सकाळी लॅबचं कुलूप काढून आत गेले तर सगळ्या बाटल्यांच्या बुडाला पिवळा थर. शुक्रवारी संध्याकाळी एकूण एक स्वच्छ होत्या, मी स्वतः उजेडात धरून पाहिल्या होत्या. दोन दिवस सुट्टी काय मिळाली, बाईसाहेब खुशाल पाय पसरून बसल्या.

नवं वर्ष, नवी वही, तेव्हा वहीला ओळख करून द्यायला हवी. पिवळी म्हणजे आमच्या मुळीतलं द्रव्य. तिचं शास्त्रीय नाव एका ओळीत मावत नाही, म्हणून लॅबमध्ये सगळे पिवळीच म्हणतात. सूज उतरवण्यात पटाईत – पण काचेच्या बशीत. पोटात गेली की काही नाही. पाण्यात विरघळायचं नावच घेत नाही, आणि विरघळत नाही म्हणून आतड्यातून रक्तात जात नाही. जशी आत गेली तशी दुसऱ्या दिवशी बाहेर!

तिला रक्तापर्यंत पोचवायचं हे माझं काम. युक्ती साधी आहे. थोडं तेल, त्यात तेलाचं आणि पाण्याचं जमवून देणारी दोन द्रव्यं – साबणासारखं काम करणारी, पण खाण्यातली. या मिश्रणात पिवळी विरघळवायची आणि कॅप्सूलमध्ये भरायची. पोटात कॅप्सूल फुटली की मिश्रणाचे इतके बारीक थेंब होतात की डोळ्यांना दिसतही नाहीत, पाण्याला नुसती निळसर झाक येते. पिवळी त्या थेंबांत बसून आतड्याच्या पार. असं कागदावर ठरलंय. पिवळीला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

साहेब म्हणाले, "नेमकं कुठे घोडं पेंड खातंय?"

म्हटलं, "बुडाशी."

७ जानेवारी

घरी आले तर लिफ्टच्या दारावर नोटीस. जुनी काढून नवी बसवणार, दोन महिने लागतील. दोन म्हणजे तीन, हे सांगायला ज्योतिषी नको. आम्ही चौथ्या मजल्यावर!

माझं काही नाही, मी चढेन. पण बाबा?

बाबा रोज दुपारी आईकडे जातात. झटका आल्यापासून आई दोन गल्ल्या पलीकडच्या शुश्रूषागृहात आहे. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. बाबा जाऊन तिचे केस विंचरतात, इकडचं तिकडचं बोलत बसतात आणि जेवण भरवतात. त्यांच्या हातून ती वाटी संपवते. सिस्टरांनी चमचा पुढे केला की ओठ घट्ट. माझ्या हातून खाते थोडं, तेही मोठ्या उपकाराने.

बाबांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. नोटीस वाचून म्हणाले, "लोकांना वरखाली नेता नेता हाडं झिजली, आणि आता स्वतःच अडकलो!" आणि हसले. मला काही हसू आलं नाही.

११ जानेवारी

आज बाबांनी मी ऑफिसला गेल्यावर एकट्याने उतरायचा प्रयत्न केला. एकच मजला. मग पायरीवर बसून राहिले. खालच्या बाईंनी मला फोन केला, मी अर्धा दिवस टाकून आले. दोघींनी मिळून त्यांना वर आणलं. दोन्ही गुडघे टरारून सुजलेत.

"उद्या बघू," म्हणाले.

म्हटलं, "काही उद्याबिद्या नाही. लिफ्ट होईपर्यंत आईकडे मी जाईन."

आईचा कंगवा त्यांच्या खिशात होता. तो काढून माझ्या हातात दिला.

१५ जानेवारी, शुक्रवार

आज जेवताना मजा आली. बाबा वर्षानुवर्षं गुडघ्यांसाठी मुळीची पूड घेतात – होय, तीच मुळी! दुकानातली, डब्यातली. सकाळी कोमट पाण्यात चमचाभर. मी कित्येकदा सांगितलंय की त्याने काही होत नाही. आज म्हणाले, "काही होत नाही म्हणतेस, आणि कंपनी तुला त्याच मुळीवर पोसते. हे कसं?"

मग मी टेबलावर प्रयोगच मांडला. दोन ग्लास. एकात पाणी आणि पूड, ढवळून ठेवलं. आमची भाजी संपेपर्यंत सगळी पूड खाली. दुसऱ्यात तेल घेतलं. तेलाला निदान पिवळा रंग चढला.

"म्हणजे तिला गाडी हवी," बाबा म्हणाले.

"हो. मी गाडी बनवतेय."

"गाडीत काय काय?"

सांगितलं. किती तेल, दुसरं किती, कोमट का करायचं, किती वेळ ढवळायचं. असं विचारणारं घरात दुसरं आहे कोण? बाबांना कुठल्याही यंत्राचं पोट उघडून बघायला आवडतं. चेहरा अगदी उजळला होता. किती दिवसांनी!

मग मीही जरा रंगात आले. म्हटलं, "तुमची पूड तळाशी बसते तेच बरं आहे बाबा. रक्तात पोचली तर तुमच्या गोळीशी भांडेल." बाबांना हृदयाच्या त्रासामुळे रक्त पातळ ठेवायची गोळी आहे. पिवळी यकृतात गेली तर ती गोळी वेळच्या वेळी मोडली जाणार नाही, अंगात साठत जाईल. आमच्या पेशींवरच्या चाचण्यांत तसं दिसलंय.

"मग?"

"मग काय, रक्त फारच पातळ. थांबता थांबायचं नाही."

"हं," म्हणाले आणि ग्लास धुवायला उठले. मी उठू दिलं नाही.

१९ जानेवारी

चव! आता चवीचं लचांड. साहेबांना कॅप्सूलच्या जोडीला चमच्याने घ्यायचं औषधही हवंय, म्हाताऱ्यांना कॅप्सूल गिळवत नाही म्हणून. आणि आमचं मिश्रण लागतं कपडे धुतलेल्या पाण्यासारखं.

आमच्याकडची पद्धत अशी की पिवळी न घातलेलं नुसतं मिश्रण – त्याला आम्ही कोरा म्हणतो – घरी नेऊन घरच्यांना चाखायला द्यायचं. आमच्या जिभा कधीच्या मेल्या आहेत. कोऱ्यात औषध नाही, सगळं खाण्यातलं, त्यामुळे कुणी विचारत नाही. नियमात बसतं का? कुठल्याच नियमात लिहिलेलं नाही, एवढंच.

चिमटीच्या नवऱ्याने पहिला चमचा सिंकमध्ये थुंकला. (चिमटी म्हणजे शेजारच्या टेबलावरची माझी जोडीदार. कागदसुद्धा चिमट्याने उचलते, म्हणून चिमटी.) आजचा कोरा संत्र्याच्या वासाचा आहे. बाटली घरी आणली.

बाबांनी चाखला, टाळ्याला जीभ लावली, विचार केला. "वाईट नाही."

उद्या चिमटीला सांगते. तिचा नवराच नाठाळ आहे.

२४ जानेवारी, रविवार

आईचं वजन उतरलंय. सिस्टर म्हणाल्या, "ताई, आजोबा येत नाहीत ना, आजी तोंडच उघडत नाहीत. डॉक्टर नळीचं म्हणत होते." नाकातून पोटात नळी. मला ऐकवेना.

मी कंगवा घेऊन बसले. बाबा विंचरतात तसंच मागून पुढे विंचरलं. ती दाराकडे बघत होती. सूप अर्धी वाटीसुद्धा गेलं नाही, निम्मं हनुवटीवरून खाली. बोलून बोलून माझा घसा बसला.

घरी येऊन बाबांना सांगितलं की बरी आहे. "जेवली?" "जेवली." त्यांनी पुढे काही विचारलं नाही. सिस्टरांचा नंबर त्यांच्याकडेही आहे हे मला मागाहून आठवलं.

२९ जानेवारी

कोरा संपला! बाबा ब्रेडला लावून खातात म्हणे! "अजून असेल तर आण, मोठी बाटली आण." लॅबमध्ये सांगितलं तर हशा पिकला. चवीचा प्रश्न सुटला असं साहेबांनी परस्पर जाहीर करून टाकलं.

२ फेब्रुवारी

कॅप्सूलची टरफलं तडकली. मिश्रण टरफलातलं पाणी ओढून घेतं आणि ती अंड्याच्या कवचासारखी फुटतात. ट्रेभर चिकट पिवळं. हात चार वेळा धुतले तरी नखं पिवळी ती पिवळीच. आज आणखी काही लिहीत नाही.

९ फेब्रुवारी, मंगळवार

विश्वास बसत नाही. ऑफिसमधून परस्पर आईकडे गेले तर सिस्टर हसत समोर. "ताई, आज वाटी स्वच्छ! आजोबा येऊन गेले."

"कोण आजोबा?"

"तुमचे बाबा हो!"

धावत घरी. बाबा खुर्चीत पेपर वाचत बसलेले, जसं काही झालंच नाही. "कठडा धरून गेलो हळूहळू. वाटेत दोनदा बसलो."

"आणि वर कसे आलात?"

"जसा गेलो तसा. उलट दिशेने."

मी गुडघे दाबून पाहिले. सूज जवळजवळ नाही! त्यांना गुडघ्यांचा व्यायाम शिकवायला घरी येते ती मुलगी खरंच गुणाची आहे. एवढ्या दिवसांत तिचं नावसुद्धा धड विचारलं नव्हतं मी. डोळ्यांत पाणी आलं, तर बाबा म्हणाले, "पेपर भिजेल."

१४ फेब्रुवारी, रविवार

आज आम्ही दोघं मिळून गेलो. बाबा एक पायरी, मी एक पायरी. आई त्यांना बघून डाव्या हाताने चादर थोपटते – बस म्हणून. पूर्वी हे मी कधी पाहिलं नव्हतं, कारण मी नेहमी संध्याकाळी जायचे. त्यांनी तिला शेजाऱ्यांच्या भांडणाची साग्रसंगीत हकिगत सांगितली आणि ऐकता ऐकता ती घास घेत गेली. नळीचा विषय डॉक्टरांनी सोडून दिलाय. जीव भांड्यात पडला.

व्यायामवाल्या मुलीला केक दिला. ती म्हणाली, "आजोबा व्यायाम करतच नाहीत हो, नुसते हो हो म्हणतात." विनय आहे तिच्यात.

कोऱ्याची आणखी एक बाटली आणली. चिमटी म्हणते, "तुझे बाबा खातात की अंघोळ करतात गं त्याने?"

१८ फेब्रुवारी

परत तळाशी. नवं तेल, नवं प्रमाण, आणि तोच जुना गाळ. मिश्रणात असते तोवर राहते बरोबर. पाण्यात सोडलं, थोडा वेळ थांबलं की खडे धरून खाली. आणखी शुद्ध करून बघा, साहेब म्हणतात. आता आणखी किती शुद्ध करू? मुळीतलं बाकी सगळं तर आम्ही केव्हाच धुऊन फेकून दिलंय. नुसती पिवळीच उरलीय!

२२ फेब्रुवारी

बाबांच्या हातावर निळाजांभळा डाग, चांगला तळहाताएवढा. "कठड्याला लागलं." त्यांची रक्ताची तपासणी राहिलीय. रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा दर महिन्याला बघायचा असतो. लिफ्ट बंद म्हणून गेल्या महिन्यात राहिली. आता उतरता येतंय तर जाऊन या म्हटलं. "जाईन की. वर्षानुवर्षं आकडा तोच आहे, पळून थोडाच जातोय?"

खरंय तेही.

२६ फेब्रुवारी

बेसिनमध्ये गुलाबी फेस. बाबांच्या हिरड्या. ब्रश बदलायला सांगितला.

१ मार्च, सोमवार

इस्पितळातून लिहितेय, बाकावर बसून.

सकाळी चहा पिताना बाबांच्या नाकातून रक्त आलं. रुमाल, मग टॉवेल, मग दुसरा टॉवेल. थांबेचना. खालच्या बाई, त्यांचा मुलगा आणि मी – तिघांनी मिळून खुर्चीत बसवून चार मजले उतरवलं. मोडकी लिफ्ट बघून बाबा टॉवेलमधून म्हणाले, "दोन महिने झाले की नाही यांचे?" तेवढ्यातही!

आकडा तीनच्या आत हवा. आठच्या वर निघाला. डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "मेंदूत झालं असतं तर इथपर्यंत आणायची वेळच आली नसती." नाकात बोळे घातलेत. गोळी बंद. उतारा म्हणून इंजेक्शन दिलंय.

त्यांनी विचारलं, "आहारात, औषधात नवीन काही?"

बाबांनी मान हलवली – नाही.

"जडीबुटी वगैरे?"

तेव्हा मीच पुढे झाले. "मुळीची पूड घेतात, पण जुनीच सवय आहे. आणि ती रक्तात जातच नाही डॉक्टर, मी त्यावरच काम करते." अगदी ठणकावून सांगितलं. त्यांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं, आणि ती ओळ खोडली.

२ मार्च

घरी कपडे न्यायला आले होते. काल सकाळचा बाबांचा कप सिंकमध्ये तसाच पडला होता, चहाचा नव्हे, दुसरा, जाड काचेचा. तळाला चमचाभर पिवळं, तेलकट. धुवायला नळ सोडला.

पाणी पडलं आणि कपभर निळसर धुकं झालं. पिवळं, वर निळी झाक. एक कण नाही. एक थेंब तरंगत नाही.

मी नळ बंद केला. हे मी ओळखणार नाही? दोन वर्षं दुसरं काय शोधतेय मी!

मग फडताळ उघडलं. पुडीच्या डब्यामागे कोऱ्याची बाटली, शेजारी छोटं पातेलं, चहाची जुनी गाळणी, गाळणीला पिवळा डाग. कोमट करून, ढवळून, गाळून. जेवणाच्या टेबलावर मी सांगितलं होतं तसंच, शब्दाला शब्द. ब्रेडबिड काही नव्हतं. आणि बाटल्या आणून देत होते कोण? मी! कौतुकाने!

तिथेच फरशीवर बसले.

आता पुढचं लिहायला लाज वाटते, पण वहीपासून काय लपवायचं? मी तो कप फेकला नाही. झाकण ठेवून खिडकीत ठेवला आणि मग इस्पितळात गेले.

३ मार्च

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. "परवा तर तुम्ही म्हणालात जात नाही." "एकटी जात नव्हती." त्यांनी खोडलेली ओळ परत लिहिली आणि खाली दोन रेघा मारल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बाबांवर मात्र मीच रागावले, वॉर्डात, सगळ्यांसमोर. "हे काय करून बसलात? मला विचारायचं तरी!"

बोळ्यांमुळे आवाज गेंगाणा येत होता. "तुझं तेल, माझी पूड. दोन्ही घरातलंच."

"तुम्हाला काही कल्पना आहे काय झालं असतं याची?"

चादरीची घडी चिमटीत धरून सरळ करत राहिले. मग म्हणाले, "आज तिला कोणी भरवलं?"

मला आपलीच चीड आली. यांना काय कळणार – मी सगळी कृती सांगून बसले, आणि वर बाटली आणून दिली. रसायनाशी खेळायचं माझं शिक्षण झालंय, त्यांचं नाही.

घरी आल्यावर खिडकीतला कप बघितला. तसाच, तळाशी काही नाही!

५ मार्च, शुक्रवार

साहेबांना सांगितलं. आधी कोऱ्याचं, मग बाबांचं, मग कपाचं. याच क्रमाने सांगायचं असं जिन्यातच ठरवलं होतं.

कोऱ्याचं ऐकून कपाळाला हात लावला. बाबांचं ऐकून खुर्चीतून उठले, पाणी दिलं, "आता कसे आहेत?" विचारलं – मनापासून विचारलं. कपाचं ऐकून मात्र परत खाली बसले आणि पुढे सरकले.

"गाळ नाही? किती वेळ?"

"अजून नाही."

दुपारपर्यंत चिमटीने आणि मी ते लॅबमध्ये करून पाहिलं. कच्ची पूड, आमचा कोरा. पाण्यात सोडलं, वाट पाहिली. नाहीच बसत! मुळीत पिवळीच्या सोबतीला एक चिकट राळ असते. पिवळी खडे धरायला लागली की ती मध्ये पडते, धरूच देत नाही. आणि आम्ही दोन वर्षं ती राळ मळ म्हणून धुऊन काढत होतो. जितकी पिवळी शुद्ध केली, तितकी ती भराभर खाली बसली. हात टेकले!

साहेबांनी टेबलावर थाप मारली. सगळे हसत होते, मीही हसले. मग प्रसाधनगृहात जाऊन रडले. चिमटी बाहेर उभी राहिली, कुणाला आत येऊ दिलं नाही.

संध्याकाळी फळ्यावर नोटीस: कोरा घरी नेण्यास सक्त मनाई. सगळे माझ्याकडे न बघता वाचत होते.

८ मार्च

बाबा घरी. परत खुर्चीतून चार मजले, यावेळी वर. गोळी परत सुरू, कमी प्रमाणात. पुडीचा डबा मी फेकला.

१२ मार्च, शुक्रवार

पाकिटावरून भांडण. आता माणसांवर चाचणीसाठी अर्ज जाणार, त्याला पाकिटाचा नमुना जोडायचा असतो. मागच्या बाजूला मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात "इतर औषधे चालू असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा" असा मजकूर होता. मी म्हटलं, चालणार नाही. पुढच्या बाजूला, लाल चौकटीत, ठळक: रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हे घेऊ नका.

"घाबरवताय लोकांना," साहेब म्हणाले. "वनस्पती आहे हो शेवटी."

"वनस्पती तळाशी बसत होती तोवर ठीक होतं साहेब. आता आपण तिला गाडीत बसवलंय."

"एका म्हाताऱ्या माणसाची गोष्ट सांगताय तुम्ही."

"त्या म्हाताऱ्या माणसाला माहीत नव्हतं. माहीत असतं तर घेतलंच नसतं. म्हणून तर लिहायचं! चौकट नसेल तर माझी सही नाही."

साहेबांनी पाकिटाचा नमुना पुढे ओढला. मग म्हणाले, "किती मोठी अक्षरं?"

जिंकले. घरी येताना पाय हलके होते. पहिल्या मजल्यापर्यंत.

बाबांचे गुडघे परत सुजलेत. बाबा खिडकीशी बसतात आणि गल्लीच्या टोकाकडे बघतात. मी दुपारची सुट्टी पुढेमागे करून आईला भरवायला जाते. चार घास, पाचवा तोंडातच. काल तिने दाराकडे बघत चादर थोपटली. दारात कुणीच नव्हतं.

१५ मार्च

नळीचं पुन्हा निघालंय. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर बघू.

१७ मार्च, बुधवार

लिफ्ट सुरू! नवीकोरी, आरशाची. बाबांनी दार दोनदा उघडबंद करून बघितलं, कान लावून आवाज ऐकला. "चालेल," म्हणाले. उद्या रजा काढलीय. चाकाची खुर्ची शुश्रूषागृहातून मागवून ठेवलीय.

१८ मार्च

जेवली. सगळी वाटी! बाबांनी केस विंचरले, लिफ्टच्या आरशाची हकिगत सांगितली. मी खिडकीत उभी राहून ऐकत होते.

परत येताना खुर्ची ढकलता ढकलता लाल चौकटीचं सांगितलं. म्हटलं, "आता तुमच्यासारखं कुणाचं होणार नाही बाबा. आधीच वाचतील."

बाबा समोर बघत म्हणाले, "मला माहीत होतं की गं. तूच सांगितलं होतंस ना जेवताना, गोळीशी भांडेल म्हणून. म्हटलं, भांडू दे. ती जेवत नव्हती."